सिस्टरबाईंचे तीन तारे

दुसरबीडच्या बसथांब्यासमोरच्या अर्चना भोजनालयाला गेल्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी दुपारी, मालकिणीच्या सासूने फोनमधल्या नकाशावर पाचपैकी तीन तारे दिले. सोबत शेरा लिहिला : ‘जागा स्वच्छ. भाकर गरम. भाजी खारट होती.’ सासूबाई त्या वेळी भोजनालयातच, पंख्याखालच्या टेबलाशी बसलेल्या होत्या. भाजी खारट नव्हती. त्याच पातेल्यातली भाजी मी खाल्ली होती. मागच्या टेबलावर बसलेल्या ट्रकचालकानेही, विचारल्यावर, याला दुजोरा दिला.

सासूबाईंचे नाव निर्मला सरकटे. सरकारी आरोग्य खात्यात परिचारिका म्हणून त्यांनी नोकरी केली, त्यातली बहुतेक साखरखेर्डा आणि आसपासच्या खेड्यांत. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी त्यांना सगळे सिस्टरबाईच म्हणतात. मनगटावरचे घड्याळ त्या अजूनही नाडी मोजायच्या सोयीने, तबकडी आतल्या बाजूला करून बांधतात. नमस्कार करणाऱ्याचे आधी डोळे पाहतात, मग नखे, आणि त्यानंतर नमस्कार घेतात. माझ्या बातम्या मी या भोजनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावरून पाठवतो, कारण आमच्या बाजूला रेंज तिथेच मिळते. त्यामुळे गेली काही वर्षे आठवड्यातून दोनतीनदा माझी नखे तपासली जातात.

तीन तारे का, हे समजायला काजळाच्या डबीपासून सुरुवात करावी लागते.

सिस्टरबाई नोकरीला लागल्या तेव्हा खेड्यातल्या आया बाळांना लस टोचू देत नसत. चार बायांसमोर लेकरू उघडे केले की नजर लागते, असा समज होता. सिस्टरबाईंच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि नजर, दृष्ट, उतारा यांतले काहीही त्या मानत नाहीत. पण लशीच्या पेटीसोबत त्यांनी काजळाची डबी नेणे सुरू केले. आधी सुई, लगेच गालावर तीट. आया येऊ लागल्या. “मी काही मानत नाही,” त्या आजही सांगतात, “पन लावायले काय जाते?”

तिटेसोबत बोलण्याचीही एक रीत आली. बाळ धडधाकट असेल तर सिस्टरबाई त्याला नाव ठेवत. “काय वं, हे बेडूक कोनाचं?” असे त्या म्हणाल्या, की आई खुशीत घरी जाई. माझ्या मुलीला त्यांनी पहिल्या भेटीत बेडूक म्हटले, तेव्हा माझ्या बायकोने त्यांच्या घरी पेढे पोचवले होते. उलट बाळ अशक्त असेल, ताप अंगात मुरलेला असेल, तर आईला धीर यावा म्हणून त्या तोंड भरून कौतुक करत. काही वर्षांत ही रीत सगळ्यांना पाठ झाली. सिस्टरबाईंनी नाव ठेवले की चिंता नाही. सिस्टरबाईंनी वाहवा केली की मोठ्या दवाखान्याला निघायला चप्पल शोधायला लागायचे.

आरोग्य केंद्रात एकदा पुण्याकडच्या एक तरुण डॉक्टर नव्याने रुजू झाल्या. पहिल्याच आठवड्यात एक आई बाळ घेऊन आली. सिस्टरबाईंनी बाळ हातात घेतले आणि म्हणाल्या, “लय गोड आहे वं तुह्यं बाळ. गुलाबाचं फूलच.” आई धाय मोकलून रडू लागली आणि गाडी बोलवा म्हणाली. डॉक्टरबाई गोंधळल्या. कौतुकाने रडणारी आई त्यांनी पाहिलेली नव्हती. शिपायाने त्यांना बाजूला घेऊन रीत समजावून सांगितली. बाळाच्या छातीत कफ होता. ते पुढे बरे झाले आणि सध्या चिखलीला कॉलेजात आहे. डॉक्टरबाईंना ही पद्धत इतकी आवडली, की बदली होऊन गेल्यावर त्यांनी ती नव्या गावी वापरून पाहिली. पहिल्याच बाळाला त्या बेडूक म्हणाल्या. त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार झाली.

निवृत्तीनंतर सिस्टरबाईंचा मुलगा विनोद याने त्यांना मोबाइल घेऊन दिला. विनोद पुण्याला कारखान्यात आहे आणि सुटीला येतो. फोनची एक सवय सिस्टरबाईंना लगेच आवडली. कुठून बाहेर पडले की तो विचारायचा : तुम्ही आत्ता इथे होता, कसे वाटले?

“इचारते बिचारा,” त्या म्हणायच्या. “घरातलं कोनी इचारत नाही.”

त्यांनी उत्तरे द्यायला सुरुवात केली. पिठाची गिरणी, पोस्ट, दवाखाना, बसथांबा, बियाण्याचे दुकान. नात्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या अंत्यविधीहून परतताना फोनने विचारले तेव्हा त्यांनी स्मशानभूमीलाही तीन तारे दिले आणि लिहिले : ‘सावली चांगली. पाण्याची सोय नाही. पुन्हा यायचे आहेच.’ हा शेरा अद्याप वाचता येतो.

रीत जुनीच होती. जे चांगले त्याला एक खोट आणि तीन तारे. गजूभाऊ शिंपी उत्तम शिवतो, म्हणून त्याच्या दुकानाला तीन : ‘शिलाई पक्की. एक बटन ढिले.’ गजूभाऊने हा शेरा गिऱ्हाइकांना दाखवायला सुरुवात केली. आणि जे बुडायला आले आहे, ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही, त्याला पाच. गावात याला नाव पडले. सिस्टरबाईंनी पाच तारे दिले, की गजूभाऊ म्हणायचा, “लावलं सलाईन.”

रस्त्याकडेला एक जुना लॉज आहे. तिथल्या नळाला पाणी येते की नाही, यावर मालक आणि नोकर यांच्यात एकमत नाही. सिस्टरबाईंनी त्याला पाच तारे दिले : ‘उशी आहे.’ या लॉजबद्दल तोवर कोणीच काही लिहिलेले नव्हते. एकाच माणसाचे मत, तेही पाच, सरासरी पाच. आसपासच्या बाकीच्या ज्या लॉजमध्ये शेकडो लोक राहून गेले होते, त्यांच्यातला कोणी ना कोणी कधी ना कधी रुसलेला होताच, त्यामुळे त्या लॉजचे आकडे पाचाच्या खाली होते. नकाशाने परिसरातील सर्वोत्तम निवासांची यादी लावली आणि हा लॉज सर्वांत वर आला. लोणारचे सरोवर पाहायला निघालेले एक जोडपे त्या यादीवर विसंबून तिथे उतरले. सकाळी ते भोजनालयात तोंड धुवायला आले. शेरा लिहिणाऱ्या बाई याच, हे कळल्यावर गृहस्थांनी विचारले, “अहो, पाच तारे कशाचे दिलेत तुम्ही?”

“त्याचं कोनीच नाही हो,” सिस्टरबाई म्हणाल्या. “म्हनून देल्ले.”

गृहस्थांनी चहा घेतला.

नकाशाला मात्र सिस्टरबाई फार पसंत पडल्या. जो जास्त लिहितो तो जाणकार, असा त्याचा हिशोब आहे. त्याने त्यांना परिसराच्या मार्गदर्शक ठरवले, नावापुढे बिल्ला लावला आणि त्यांचे शेरे इतरांच्या वर दाखवायला सुरुवात केली. तुमचे लिखाण हजारो लोकांनी पाहिले, असा निरोपही आला. “एवढे लोक माह्या निरोप समारंभाले नोयते,” त्या म्हणाल्या.

विनोदची बायको अर्चना. माहेर उंद्रीचे. सासूला ती आत्याबाई म्हणते. भोजनालय तिने स्वतःच्या हिमतीवर उभे केले : ज्वारीची भाकर, पाटोडीचा रस्सा, भरीत, ठेचा. हाताखाली शोभाबाई नावाच्या एक बाई. गावातले लोक घरी जेवतात, त्यामुळे धंदा वाटसरूंवर. आणि वाटसरू हल्ली गाडीची काच खाली करून कोणाला विचारत नाही, मांडीवरच्या फोनला विचारतो.

त्या मंगळवारच्या शेऱ्यानंतर घडले ते असे. बिल्ल्यामुळे सिस्टरबाईंचा शेरा सगळ्यांत वर राहिला. येणारे जेवण्यापूर्वी तो वाचू लागले आणि वाचून जेवल्यावर त्यांना भाजी खारट लागू लागली. तीनचार जणांनी तसे लिहिले. नकाशाने ते शब्द गोळा केले आणि भोजनालयाच्या नावाखाली एक चौकट काढून त्यात टाकले : ‘लोक याबद्दल बोलतात – खारट’. भाकरीबद्दल चौकट निघाली नाही. भाकर खाऊन समाधानाने गेलेल्यांपैकी कोणी काही लिहिलेच नव्हते.

त्याच सुमारास गावाबाहेरच्या रुंद रस्त्याला एक नवा ढाबा झाला. दारात झोका, झोक्याला प्लास्टिकची फुले, आणि पाटी : ‘पाच तारे दाखवा, कुल्फी मिळवा.’ सिस्टरबाई तिथे जेवून आल्या, जेवण बेचव निघाले, आणि पाच तारे देऊन मोकळ्या झाल्या. कुल्फी घेतली नाही. “सरकारी नोकरीत कोनाचं काही घेतलं नाही, आता काय घेऊ?” गावाने पाच तारे पाहिले आणि तिकडे जायचे टाळले. परगावच्यांनी पाच तारे पाहिले आणि गाड्या तिकडे वळवल्या.

मग एका दुपारी पुण्याहून फोन आला. सिंदखेड राजा आणि लोणार दाखवणाऱ्या सहली काढणाऱ्या एक बाई बोलत होत्या. बस थांबवायला जागा हवी होती. अर्चनाचे हात पिठात होते, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. त्यामुळे पुढचे संभाषण सगळ्यांनी ऐकले.

“तुमच्याकडे मीठ जास्त असतं असं दिसतंय. आमच्या ग्रुपमध्ये ब्लडप्रेशरचे लोक आहेत हो.”

“कोन म्हनते?”

“पहिलाच रिव्ह्यू आहे. निर्मला सरकटे. स्थानिक मार्गदर्शक, असं लिहिलंय पुढे.”

“ती माही सासू आहे.”

“मग तर खरंच असणार,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अर्चनाने परातीतले पीठ झाकले, हात धुतले आणि पंख्याखालच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

“आत्याबाई, तीन काऊन देल्ले?”

“चांगलं होतं म्हनून.”

“चांगलं होतं तं पाच द्या ना.”

“पाच? पाच कोनाले देते मानूस? गाव काय म्हनन? म्हनन, सिस्टरनं सुनेच्या खानावळीले सलाईन लावलं, बुडाली खानावळ.”

“गावाले समजते. पुन्याच्या मानसाले काय समजते?”

“मंग त्यानं इचारावं कोनाले तरी.”

“फोनले इचारलं ना त्यानं! अन् फोननं तुमचंच नाव सांगतलं!”

शोभाबाई आत हसल्याचा आवाज आला. अर्चना हसली नाही.

“लग्न होऊन इतके वर्सं झाले,” ती म्हणाली. “एक डाव तरी म्हनलं का तुम्ही, अर्चना, भाजी चांगली झाली?”

“म्हनलं नाही म्हनूनच चांगली होऊन राह्यली,” सिस्टरबाई म्हणाल्या आणि तिच्या नखांकडे पाहू लागल्या. अर्चनाने हात मागे घेतले.

दुसऱ्या दिवसापासून अर्चनाने भाजीत मीठ कमी केले. सासूची रीत तिला माहीत होती. पण चौकटीत आता परक्या माणसांचेही शब्द होते, आणि परकी माणसे काही सासूच्या रीतीने बोलत नाहीत. आठवडाभराने तिने आणखी कमी केले. नेहमीच्या ट्रकचालकाने घास तोंडात घोळवला आणि विचारले, “काऊन वं वहिनी, कोनाले दवाखान्यातून आनलं का?” त्याच महिन्यात कोणीतरी लिहिले : ‘अळणी.’ मग आणखी एकाने. नकाशाने दुसरी चौकट काढली. ‘खारट’ आणि ‘अळणी’ या दोन चौकटी एकमेकींशेजारी बरेच दिवस होत्या. एकच भाजी दोन्ही कशी, असा प्रश्न नकाशाला पडल्याचे दिसले नाही.

पोळ्यानंतर विनोद आला होता. त्याचे आणि अर्चनाचे ठरले, दिवाळीपर्यंत पाहायचे. गाड्या थांबू लागल्या नाहीत तर शटर ओढायचे आणि अर्चनाने पुण्याला जायचे. आत्याबाईंनीही यावे, असे तिने म्हटले. सिस्टरबाई म्हणाल्या की पुण्यात त्या कोणाची नखे पाहणार. सिस्टरबाई जाणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणजे घरात त्या एकट्या राहणार, हेही.

पुढचे काही दिवस त्या टेबलाशी बसून नुसता फोन धरून असत. एकदा मला म्हणाल्या, “चार देल्ले तं कसं?” चारचा अर्थ गावात कोणालाच लागणार नाही, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली.

दसऱ्याच्या आधी, बाजाराच्या दिवशी सकाळी, त्यांनी जुना शेरा काढून टाकला. पाच तारे दिले. खाली लिहिले : ‘सगळे चांगले आहे. अर्चनाच्या हाताला चव आहे.’

चांगल्या जागेबद्दल त्यांनी खोट न काढता लिहिल्याचे आम्ही कोणी त्यापूर्वी वाचले नव्हते.

पहिल्यांदा ते गजूभाऊने पाहिले. त्याने स्क्रीनचे छायाचित्र गावाच्या मोबाइल गटावर टाकले आणि लिहिले : ‘सिस्टरबाईनं घरच्यालेच सलाईन लावलं. काय झालं, कोनाले माहीत आहे का?’ ते साखरखेर्ड्याच्या गटावर गेले. तिथे अजून अशा पुष्कळ बाया आहेत, ज्यांची लेकरे सिस्टरबाईंच्या हातून मोठी झाली आणि ज्यांना वाहवेचा अर्थ पक्का माहीत आहे.

अकराच्या सुमारास पहिली रिक्षा आली. तिच्यातून उतरलेल्या बाईच्या पिशवीत, आजाऱ्याला नेतात तसे, पेरू होते. “कुठं आहे वं अर्चना?” तिने दारातूनच विचारले. अर्चना भाकर थापत होती. “हात तं चालू आहेत,” बाई मागच्या बाईला म्हणाली. त्यानंतर लोक येतच राहिले. कोणी खालच्या आवाजात विचारले, जागा सोडून चालले का. कोणी शोभाबाईला बाजूला घेतले. गजूभाऊ दुकान बंद करून आला आणि पडेल चेहऱ्याने उभा राहिला. सिस्टरबाई पंख्याखाली बसून सगळ्यांना एकच सांगत होत्या, “काही नाही झालं. भाजी चांगली आहे म्हनून चांगली लिवली.” त्यामुळे काळजी वाढली.

भेटायला आलेला माणूस तसाच परत जात नाही. आलेले लोक बसले. बसले म्हणून जेवले. अर्चनाच्या हातचे गावाने असे एकत्र बसून पहिल्यांदाच खाल्ले. दुपारी रस्सा संपला, दुसरा केला. शेजारच्या दोघी पदर खोचून चुलीपाशी गेल्या. घाईत मीठ मापायला वेळ नव्हता, अर्चनाने पूर्वीसारखे मुठीच्या अंदाजाने टाकले. “एवढं चांगलं असून काऊन बंद करून राह्यले बे?” असे गजूभाऊ दुसऱ्या वाढीच्या वेळी शेजाऱ्याला म्हणाला.

बाहेर उभ्या-बसलेल्या सगळ्यांच्या खिशात फोन होते. नकाशा ते मोजत होता. अर्चना भोजनालयाच्या नावाखाली तांबडी पट्टी आली : ‘सध्या नेहमीपेक्षा खूप जास्त गर्दी.’ हे लोक जेवायला नव्हे, धीर द्यायला आले होते, हे पट्टीत लिहिलेले नव्हते.

तिसऱ्या प्रहरी पुण्याच्या त्याच बाईंचा फोन आला. “तुमच्याकडे फारच रश दिसतोय हो,” त्या म्हणाल्या. आवाज वेगळा होता. “आम्हाला रविवारी जागा मिळेल का?”

अर्चनाने मिळेल म्हटले. मग ती सिस्टरबाईंसमोर ताट ठेवून तिथेच उभी राहिली. सगळे तिकडे वळले. सिस्टरबाईंनी भाकर मोडली, रश्शात बुडवली, खाल्ली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मीठ जरा जास्त झालं वं.”

गजूभाऊने सुस्कारा सोडला. पेरू आणणारी बाई हसली. लोक हळूहळू उठू लागले.

ऊन कलल्यावर सिस्टरबाईंनी शेरा पुन्हा बदलला. तारे पाचच ठेवले. वाक्य काढून त्या जागी लिहिले : ‘भाजी खारट होती.’ आता तो तसाच आहे. सकाळचे वाक्य नकाशावर कुठेही नाही. अर्चनाने त्याचे छायाचित्र दुपारीच घेऊन ठेवले होते. ते तिच्या फोनच्या पहिल्या पडद्यावर आहे. सिस्टरबाईंनी ते पाहिले आहे.

दिवाळी झाली. शटर उघडे आहे.

त्या रविवारी बस आली होती. तीसेक प्रवासी उतरले, जेवले. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी रस्सा चाखून मीठ मागितले. मिठाची वाटी सिस्टरबाईंनी स्वतः नेऊन दिली आणि त्यांची नखे पाहिली.